१२ बाय १० च्या खोलीत गाणी ऐकायची आहेत, भिंतींना कोणता फोम लावू?

कोणताच नको. तुमची कोथरूडच्या फ्लॅटमधली खोली १२ बाय १० ची, छत साडेनऊ फुटांवर, खाली विट्रिफाइड टाइल्स, दोन बुकशेल्फ स्पीकर. डग्गा घुमतो आणि गायिकेचा ‘स’ कानाला टोचतो, अशी तक्रार आहे. एक इंची पिरॅमिड फोमने टोचणं कमी होईल, घुमणं उलट जास्त जाणवेल. इतका पातळ फोम ढोबळमानाने हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) वरचाच आवाज शोषतो. चारही भिंती त्याने मढवल्या की वरचे सूर मरतात, खालची घूम तशीच राहते आणि खोली कोंदट वाजते. अंड्याचे ट्रे त्याहून निरुपयोगी, शिवाय आगीचा धोका. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज यातल्या कशानेच अडत नाही. तो विषयच वेगळा.

घूम कुठून येते ते बघा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज कुठल्या सुराला घुमतो ते काढायला ५६५ ला (आवाजाच्या सेकंदाला फुटांतल्या वेगाचा निम्मा) खोलीच्या फुटांतल्या मापाने भागायचं: १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० ला ५६.५, साडेनऊला ५९.५. तुमची रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी, म्हणून ५६ ते ६० मध्ये दोन अनुनाद, म्हणजे खोलीच्या मापामुळे उठणाऱ्या घुमी, एकमेकांवर चढतात. त्यांच्या दुपटीला, ११३ आणि ११९ ला, पुन्हा तेच. डग्ग्याचा एखादाच घुमारा सुटा होऊन फुगतो तो यामुळे.

आधी फुकटातलं काम. स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेवा, मागच्या भिंतीपासून २ फूट, बाजूच्या भिंतीपासून अडीच फूट. ही दोन अंतरं सारखी ठेवू नका. अडीच-अडीच केलंत तर दोन्ही भिंतींवरून परतणारा आवाज ११३ हर्ट्झलाच मूळ आवाज खोडतो आणि तिथे खड्डा पडतो. तुमचं डोकं पाठीमागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर हवं. खोलीच्या बरोबर मध्यात बसू नका, भिंतीला टेकून तर नाहीच. स्पीकर आणि खुर्चीच्या मधे जाड सतरंजी किंवा गालिचा.

मग आवाज शोषणारे पॅनल, आणि ते घरी करता येतात. ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे, ५० मिमी जाडीचे, १.२ मीटर बाय ६०० मिमीचे रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) स्लॅब मागा. भोसरीकडे भट्ट्यांना आणि डक्टना इन्सुलेशन पुरवणारे विक्रेते असतात, तिथे विचारा. ते जाळी शिवलेली गादी दाखवतील, ती घेऊ नका. पुढच्या बाजूला फॉइल असलेला मालही नको, वरचे सूर त्यावर आपटून परततात.

एका पॅनलमध्ये दोन स्लॅब, म्हणजे १०० मिमी. दोन पॅनल बाजूच्या भिंतींवर, दोन पाठीमागे, आणि स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत तिरके, एकावर एक असे चार. एकूण ८ पॅनल, १६ स्लॅब. चौकटीला ४ इंच रुंदीची पाइनची पट्टी साधारण १२० फूट लागेल, मधल्या आडपट्ट्या धरून. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये कापूनच घ्या. वर मांजरपाट, ४४ इंची पन्हा, पॅनलला पावणेदोन मीटर. आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटतं. दुसरं कापड आवडलं तर दुकानातच तोंडाला लावून फुंकर मारा: आरपार गेली नाही तर ते कापड बाद. रेक्झिन तर मुळीच नको. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि ब्रेडची दातेरी सुरी.

बाजूच्या पॅनलची जागा आरशाने ठरते. खुर्चीत बसा आणि कुणालातरी आरसा भिंतीला टेकवून सरकवायला सांगा. त्या बाजूचा स्पीकर जिथे दिसतो तिथे पॅनलचा मध्य, कानाच्या उंचीला. भिंतीपासून ३-४ इंच सुटं ठेवा. मागच्या हवेमुळे पॅनल आणखी खालच्या पट्टीपर्यंत काम करतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, तिला चिकटवलेल्या कापडाला मागून बुरशी येते. टाळी वाजवल्यावर चर्र असा आवाज उरत असेल तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीवर पुस्तकांची मांडणी पुरते. छताला पंखा असल्याने तिथलं पॅनल सोडून द्या.

खोलीत लोखंडी कपाट असेल तर मोबाइलवरून स्पीकरला ४० ते १२० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत नेऊन ऐका. पुष्कळदा घुमतं ते खोलीचं नसतं, कपाटाचं दार थरथरत असतं. दाराच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवली की मिटलं.

खोलीत कुठला सूर फुगतो, कुठला दबतो ते मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबीचा मापन-माइक पुरतो. ४७ हर्ट्झचा उंचवटा या पॅनलने फारसा बसणार नाही, तिथे इक्वलायझर (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) वापरा. फक्त उंचवटे कापा. खड्डा भरायला गेलात तर वाढवलेला आवाजही परावर्तनाने तितकाच खोडला जातो आणि ॲम्प्लिफायर फुकट तापतो.