'मुंबई' वायझॅगला, 'विशाखापट्टणम' मुंबईत : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात नेव्ही डेवर चार ओळी काय लिहिल्या, विनाशिकांवर, म्हणजे नौदलाच्या डिस्ट्रॉयर बोटींवर, प्रश्नांची रांगच लागली. सगळे घेणं शक्य नाही, त्यातले हे पाच.

प्र. एलिफंटाला जाताना लाँचमधून एक भलीमोठी करडी बोट दिसली, अंगावर डी ६६ लिहिलेलं. मुलाने विचारलं डी म्हणजे काय, मी 'डेंजर' सांगून वेळ मारून नेली. खरं काय? – एक आई, डोंबिवली

ताई, डेंजरही चाललं असतं की! डी म्हणजे डिस्ट्रॉयर, मराठीत विनाशिका. फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून जरा लहान युद्धनौका, असती तर एफ दिसला असता. ६६ नंबर आयएनएस विशाखापट्टणमचा. ही आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधली, २०२१ च्या नोव्हेंबरात नौदलात आली आणि वेस्टर्न फ्लीटमध्ये म्हणजे मुंबईतच असते. आणि आयएनएस मुंबई? ती अपग्रेड होऊन २०२३ च्या शेवटी विशाखापट्टणमला, म्हणजे वायझॅगला, गेली. म्हणजे माहेर एकाचं नि नाव दुसऱ्याचं असा प्रकार झालाय, नावं ठेवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं नसणार पण मला दरवेळी हसू येतं.

आता विनाशिका हे नाव मला जरा फसवं वाटतं, कारण ऐकून वाटतं की ही बोट दिसेल ते उडवत सुटणार. मूळ नाव होतं टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर. १९ व्या शतकाच्या शेवटी शेवटी टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, घेऊन फिरणाऱ्या छोट्या स्वस्त बोटी निघाल्या आणि मोठमोठ्या लढाऊ जहाजांची झोप उडाली, कारण करोडोंचं जहाज आणि त्याला बुडवणार कोण तर अंधारातून आलेली एवढीशी होडी. तर या होड्यांना हाकलायला इंग्रजांनी एक वेगवान बोट काढली, १८९३ मध्ये पाण्यात उतरलेली हॅवॉक. साधारण अडीचशे टनांची, वेग २६ नॉट, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. म्हणजे ही मुळात वॉचमन! तुम्ही पाहिलेली विशाखापट्टणम ७४०० टनांची आणि १६३ मीटर लांब आहे, वॉचमन जरा जास्तच वाढला एवढंच.

प्र. फ्लीट, स्क्वाड्रन, फ्लोटिला हे सगळं एकच का? आणि एकट्या बोटीने लढायला काय होतं, स्क्वाड्रन कशाला पाहिजे? – वाचक, गिरगाव

एकच नाही हो. फ्लीट म्हणजे अख्खा ताफा, त्यात सगळ्या जातीच्या नौका आल्या आणि वर एक रिअर अॅडमिरल. स्क्वाड्रन म्हणजे एका जातीच्या काही नौकांचा गट, एकत्र सराव करणारा, एकमेकांच्या खोडी माहीत असणारा. फ्लोटिला हा शब्द इंग्रज त्याच अर्थाने वापरायचे.

गट का? तर तेव्हाचा पाणतीर सरळ जायचा, एक सोडला तर चुकण्याचीच शक्यता जास्त. पाच-सहा बोटींनी मिळून पंख्यासारखे सोडले तर समोरच्याने वळायचं कुठे? पुढे पाणबुडी शोधायलाही तेच, चार बाजूंनी चार कान लागतात.

यात मला सगळ्यात आवडणारा किस्सा अमेरिकेच्या २३ व्या डिस्ट्रॉयर स्क्वाड्रनचा आहे, त्यांनी एका कॉमिकमधल्या पोरावरून स्वतःचं नाव लिटल बीव्हर्स ठेवलं होतं. कमांडर आर्ले बर्क. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमध्ये त्यांना जपानी नौका अडवायला पाठवलं, या बोटी ३४ नॉटच्या पुढे पळू शकायच्या पण एकीच्या बॉयलरची तक्रार होती, म्हणून बर्कने कळवलं की ३१ नॉटने निघालोय. वरून अॅडमिरल हॅल्सीचा निरोप आला तो चक्क 'थर्टीवन नॉट बर्क' या नावाने, म्हणजे थट्टा, तुम्ही एवढेच का पळताय. नाव चिकटलं ते कायमचं. ३१ नॉट म्हणजे ताशी ५७ किलोमीटर, संध्याकाळी पेडर रोडवर आपली गाडी याच्या निम्म्यानेही जात नाही तो भाग वेगळा. २५ नोव्हेंबरच्या पहाटे याच पाच बोटींनी तीन जपानी विनाशिका बुडवल्या आणि स्वतःची एकही गमावली नाही. पण मला लढाईपेक्षा तो बॉयलर महत्त्वाचा वाटतो. वारीत दिंडी जशी सगळ्यात हळू चालणाऱ्या म्हातारीच्या चालीने चालते तशी स्क्वाड्रन सगळ्यात हळू बोटीच्या वेगाने जाते, तिला मागे टाकलं की ती संपली.

आपल्याकडचं उदाहरण फ्रिगेटचं आहे पण सांगतोच. १९७१ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आयएनएस खुकरीचे कॅप्टन तर होतेच, शिवाय १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनचे प्रमुखही. म्हणजे आपलं जहाज सांभाळायचं आणि त्याच ब्रिजवर उभं राहून बाकीच्यांचंही बघायचं. स्क्वाड्रनमध्ये खुकरी, किरपाण, कुठार. कुठारमध्ये बिघाड झाला आणि उरल्या दोनच. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरीला गाठलं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, मुल्ला जहाजाबरोबरच गेले.

प्र. व्हॉट्सअॅपवर आलं की १९७१ ला पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीला बुडवणारी आयएनएस राजपूत रशियन होती आणि २०२१ ला निवृत्त झाली. माझे सासरे म्हणतात साफ चूक. पैज लागलीये. – वाचक, लालबाग

सासऱ्यांना पैसे देऊन टाका. राजपूत दोन झाल्या. पहिली इंग्रजांची, मूळ नाव रॉदरहॅम, दुसऱ्या महायुद्धातली. १९४९ मध्ये ती आणि तिच्या दोन बहिणी आपण घेतल्या, नावं दिली राजपूत, राणा, रणजित, आणि या तिघींची ११ वी डिस्ट्रॉयर स्क्वाड्रन झाली. १९७१ ला विशाखापट्टणमला होती ती हीच म्हातारी राजपूत. गाझी कशाने बुडाली यावर आपलं आणि पाकिस्तानचं आजही एकमत नाही, आपण म्हणतो राजपूतच्या डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने, ते म्हणतात स्वतःच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने. रशियन राजपूत १९८० ला आली आणि २०२१ ला गेली, गाझीशी तिचा काडीचाही संबंध नाही.

प्र. नेव्ही डे विनाशिकांच्या पराक्रमासाठी असतो ना? – विद्यार्थी, परळ

उलट आहे मित्रा! नेव्ही डे असतो तो ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर केलेल्या हल्ल्यासाठी, आणि त्यात गेल्या त्या निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र बोटी, प्रत्येकी जेमतेम दोनशे टनांच्या. आणि निर्घातने बुडवली ती पाकिस्तानची विनाशिका खैबर. चार वर्षं आधी, १९६७ मध्ये, इजिप्तच्या अशाच चिमुकल्या बोटींनी इस्रायलची ऐलात बुडवली होती, तीही विनाशिकाच. म्हणजे जिला छोट्या बोटी हाकलायला जन्माला घातलं तिलाच छोट्या बोटींनी खाल्लं. म्हणून तर आजची विनाशिका स्वतःच क्षेपणास्त्रांनी भरलेली असते, हल्ला करायची वेगळी आणि येणारं हवेतच पाडायची वेगळी.

प्र. युद्ध नसताना या बोटी करतात काय? एवढा खर्च नुसता बंदरात उभं राहायला? – वाचक, ठाणे

बंदरात उभी दिसते ती तुम्हाला दिसते म्हणून, बाहेर असते ती दिसत नाही. २००६ ला लेबनॉनमधून आपली माणसं काढायला गेलेल्या नौकांत आयएनएस मुंबई होती, २०१५ ला येमेनलाही तीच.

आणि अलीकडचं घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केम प्लुटो या टँकरवर अरबी समुद्रात ड्रोन आदळलं, टँकर कसाबसा मुंबईला आला, लगेच मुरगाव, कोची, कोलकाता या तीन विनाशिका तिकडे धाडल्या. ड्रोन म्हणजे काय, तर पुन्हा तीच स्वस्त छोटी वस्तू जी महागड्या जहाजाची झोप उडवते, वॉचमनची ड्युटी १३० वर्षांनी तीच राहिली. मग मार्च २०२४ मध्ये कोलकाताने सोमाली चाच्यांनी पळवलेलं रुएन जहाज गाठलं. ४० तास चाललं ते प्रकरण, विमानातून मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो, समुद्रात उतरवले, शेवटी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले, त्यांतल्या कुणालाही इजा नाही. चाच्यांना घेऊन कोलकाता थेट मुंबईत आली आणि त्यांना पोलिसांच्या ताब्यात दिलं. भर समुद्रात पकडलेले चाचे आणि पुढचे कागद मुंबई पोलिसांचे, कल्पना करा.

तर डोंबिवलीच्या ताई, नेव्ही डेच्या आसपास कधी बोटी बघायला खुल्या ठेवतात तेव्हा मुलाला न्याच. चप्पल नको, बूट घाला. शिड्या इतक्या उभ्या असतात की उतरताना तोंड शिडीकडे करावं लागतं, मी ते न ऐकता सरळ उतरायला गेलो आणि वरच्या लोखंडी कडेने कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, मागे उभ्या शाळेच्या पोरांनी मात्र मनसोक्त हसून घेतलं.