ट्रेलरवरून नेता येणारी छोटी शिडाची बोट गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर चालवायची आहे. जादा वस्तूंपैकी काय घ्यावं?

सगळ्यात आधी शीड आखूड करायची सोय, म्हणजे रीफिंग. वैशाखात आपल्याकडे दुपारनंतर अचानक वावधान सुटतं, आणि वैनगंगेच्या एवढ्या रुंद पाण्यावर पूर्ण शीड उघडं असेल तर बोट उलटायला वेळ लागत नाही. दोन टप्प्यांचं रीफिंग मागा आणि पाण्यात उतरण्याआधी काठावरच त्याचा सराव करा. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट हवंच, त्याला मी जादा वस्तू मानतच नाही.

पाणी ओसरलं की धरणात बुडालेली झाडांची खुंटं वर येतात. म्हणून सुकाणू आणि सेंटरबोर्ड, म्हणजे बोट आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची फळी, ही दोन्ही वर उचलता येणारी घ्या. वारा पडला तर परतायला वल्ही किंवा दोन-तीन हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन पुरतं.

उरलेले पैसे ट्रेलरवर घाला: स्टेपनी, जॅक, आणि बोट ट्रेलरवर ओढून घ्यायला चांगली विंच. चाकं पाण्यात बुडतात, म्हणून बेअरिंगला वेळच्या वेळी ग्रीस. उन्हासाठी शिडाचं जाड कव्हरही घ्या, आपल्या उन्हात कापड लवकर विरतं.

स्पिनेकर, म्हणजे मागून वारा असताना लावायचं मोठं फुगीर शीड, सध्या नको. बोट रोज बाहेर काढणार असाल तर तळाला शेवाळरोधक रंगही नको, तो कायम पाण्यात राहणाऱ्या बोटींसाठी असतो.

आणि कळकळीनं सांगतो, डोलकाठी उभी करण्याआधी वर वीजतारा आहेत का ते बघाच. ॲल्युमिनियमची काठी तारेला लागली तर जीव जातो. काठी उभी असताना ट्रेलर हलवूच नका.