अर्धा टाकला, तो गेला कुठे?

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. नातवाने मोबाइलवर बघून मला गुणाकाराची एक रीत दाखवली. डावीकडचा आकडा निम्मा करत जायचं, उजवीकडचा दुप्पट. निम्मा करताना अर्धा उरला तर सोडून द्यायचा. डावीकडे १ आला की थांबायचं. जिथे डावीकडे सम आकडा असेल ती ओळ खोडायची आणि उरलेल्या ओळींतल्या उजवीकडच्या आकड्यांची बेरीज करायची. उत्तर दर वेळी बरोबर! आम्ही पावकी, निमकी, औटकी हे पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे पाठ केलेली माणसं. मधेच अर्धा सोडून दिला तरी हिशेब जुळतो, हे काही मनाला पटेना.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आजोबा, उत्तर बरोबर आलं की बहुतेक लोक समाधान मानतात. तुम्ही त्या अर्ध्याचा माग काढायला निघालात, याचा मला मनापासून आनंद झाला. तो अर्धा सोडलेला नसतोच. बाजूला काढून ठेवलेला असतो.

दादरच्या फुलबाजारात एका हाराचे ४६ रुपये, असे २७ हार घ्यायचे आहेत. तुमच्या नातवाच्या रीतीने मांडलं तर असं दिसेल :

२७ — ४६
१३ — ९२
६ — १८४ (ही ओळ खोडा)
३ — ३६८
१ — ७३६

आता आकडे विसरा आणि हार बघा. २७ हारांच्या जोड्या बांधल्या. १३ जोड्या झाल्या, एका जोडीचे ९२ रुपये. एक हार सुटा राहिला, त्याचे ४६. तो बाजूला ठेवा. १३ जोड्यांतल्या दोन-दोन एकत्र बांधल्या की चार-चार हारांच्या ६ जुड्या होतात, दर जुडीचे १८४. एक जोडी सुटी राहिली, तिचे ९२. तीही बाजूला. ६ जुड्यांच्या पुन्हा जोड्या लावल्या, ३ झाल्या. या वेळी सुटं काहीच राहिलं नाही, म्हणून १८४ची ओळ खोडायची. आठ-आठ हारांच्या त्या ३ मोठ्या जुड्यांपैकी दोन एकत्र बांधून १६ हारांची एक झाली, तिचे ७३६. एक सुटी, तिचे ३६८.

हार तेवढेच आहेत, फक्त बांधणी बदलली. हातात ७३६चा मोठा जुडगा, बाजूला ३६८, ९२ आणि ४६. बेरीज १,२४२. डावीकडे विषम आकडा याचा अर्थ एवढाच, की जोड्या लावताना इथे एक नग सुटा राहिला. तुम्ही ज्याला अर्धा म्हणता, तो जोडीचा अर्धा, म्हणजे त्या ओळीतला एक आख्खा नग. त्याची किंमत त्याच ओळीत उजवीकडे लिहिलेली असते. परळला शिकवत असताना मी हे काड्यापेटीच्या काड्यांनी करून घेत असे. काड्या हातात आल्या की नियम वेगळा सांगावा लागत नाही, मुलं स्वतःच सांगतात.

निम्मा शक्यतो लहान आकडा करावा, ओळी कमी होतात. अगदी १,००० निम्मे करत गेलात तरी दहा ओळींत १ येतो. आणि तुमच्या पावकी-निमकीच्या पिढीला आवडेल अशी एक गोष्ट. अपूर्णांक असेल तर तो उजवीकडे ठेवा. साडेसात रुपयांच्या १३ वस्तू : १३ — ७॥, ६ — १५, ३ — ३०, १ — ६०. पहिल्याच दुपटीत अर्धा पुरा झाला! ६ची ओळ खोडा : ७॥ + ३० + ६०, म्हणजे साडेसत्त्याण्णव.

प्रश्न : ही रीत रशियन शेतकऱ्यांची की आपलीच प्राचीन? घरात यावरून वाद आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : रशियन शेतकऱ्यांचं नाव तिला चिकटलं आहे हे खरं, पण दुपटीने गुणण्याची लेखी उदाहरणं इजिप्तमध्ये त्याहून कितीतरी जुनी आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये आहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवून काढलेला पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इजिप्तचे लेखनिक गुणताना निम्मं करत बसत नसत. १, २, ४, ८, १६ अशा पटींपुढे ४६, ९२, १८४, ३६८, ७३६ लिहायचे आणि २७ भरतील एवढ्या ओळींवर खूण करायचे : १६ + ८ + २ + १. बघा, आपल्याच न खोडलेल्या ओळी!

आपल्याकडे पिंगल या प्राचीन पंडिताच्या छंदःशास्त्रात, म्हणजे पद्यरचनेच्या नियमांच्या ग्रंथात, निमपट-दुपटीचा फार सुंदर वापर आहे, पण तो गुणाकारासाठी नाही. एका ओळीतल्या अक्षरांत लघु (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) यांच्या मांडणीचे किती प्रकार होतील, हे तो काढतो. सहा अक्षरं घ्या. ६चे निम्मे ३, विषम म्हणून एक वजा, २, निम्मे १, पुन्हा एक वजा. मग उलट परत यायचं : जिथे एक वजा केला तिथे दुप्पट, जिथे निम्मे केले तिथे वर्ग. १चे २, २चा वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४. सहा अक्षरांचे ६४ प्रकार. या बुद्धीपुढे मी नतमस्तक आहे. म्हणूनच न केलेल्या गोष्टींचं श्रेय त्याच्या नावावर घालू नये, असं मला वाटतं.

वादात आणखी एक भर घाला. आपल्या मांडणीत विषम ओळीला १, सम ओळीला ० लिहा आणि खालून वर वाचा : ११०११. संगणकाला २७ असाच कळतो. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्याचंही गणित अशाच शून्य-एकांत चालायचं. या लिखाणात दुप्पट करणं म्हणजे शेवटी एक शून्य जोडणं आणि निम्मं करणं म्हणजे शेवटचा अंक पुसणं.

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, पाढ्यांना घाबरते. पाढे सोडून हीच रीत शिकवू का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : रीत जरूर शिकवा, पाढे सोडू नका. पाढ्यांशिवाय भागाकार आणि अपूर्णांक दोन्ही अडतील. पण आधी २चा पाढा पक्का करून ही रीत द्या, उत्तरं बरोबर येऊ लागली की तिची भीती कमी होईल. ४चा पाढा २च्या दुपटीने, ८चा ४च्या दुपटीने तिलाच तयार करू द्या. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातली मांडणी करायला सांगा आणि ताळा या रीतीने कच्च्या कामाच्या जागेत घ्यायला लावा.