वाचकांचे प्रश्न : खेळाचा नियम आणि क्लबचा नियम

गेल्या महिन्यात या सदरात गोल्फमधील हँडिकॅप (कमीअधिक कौशल्याच्या खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे म्हणून मिळणारी फटक्यांची सवलत) म्हणजे काय ते सांगितले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी हँडिकॅपविषयीची पत्रे थोडीच होती. बहुतेकांना क्लबाच्या दारावरील नियमांविषयी विचारायचे होते. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी एडिंबरोला असते. तिच्याकडे गेलो असताना समुद्राकाठच्या गलन गावाजवळचे म्युरफील्ड हे गोल्फ मैदान पाहिले. जावई म्हणाले की, या क्लबात अगदी अलीकडेपर्यंत स्त्रियांना सभासद करून घेत नसत. एकविसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये हे कायद्याने कसे चालले?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : जावयांनी सांगितले ते खरे आहे. हे कायद्याने चालले, एवढेच नव्हे तर कायद्याच्या चौकटीत राहूनच चालले. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यानुसार ज्या क्लबात स्त्री आणि पुरुष दोघेही सभासद आहेत, तेथे स्त्रियांना दुय्यम दर्जा देता येत नाही. मात्र केवळ पुरुषांचा किंवा केवळ स्त्रियांचा क्लब चालवण्याची मुभा त्याच कायद्याने ठेवली आहे. त्यामुळे स्त्रियांना सभासद करून शनिवारी सकाळी मैदानापासून दूर ठेवणारा क्लब दोषी ठरतो आणि त्यांना मुळीच सभासद न करणारा क्लब निर्दोष सुटतो. ही विसंगती माझ्या मते कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. खासगी मैत्रीच्या वर्तुळात सरकारने किती शिरावे, या जुन्या ब्रिटिश वादात निघालेली ती तडजोड होती.

म्युरफील्डवरच्या क्लबाचे नाव ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरो गोल्फर्स’ असे आहे. गोल्फचे सर्वांत जुने ज्ञात लिखित नियम, एकूण तेरा, याच मंडळींनी १७४४ मध्ये लीथच्या मैदानावरील स्पर्धेसाठी लिहून काढले. अशा क्लबाला आपली परंपरा म्हणजेच खेळाची परंपरा असे वाटू लागले, तर त्यात आश्चर्य नाही. स्त्रिया तेथे पाहुण्या म्हणून खेळू शकत होत्या, मात्र त्यांना सभासद होता येत नव्हते. मे २०१६ मध्ये मतदान झाले तेव्हा ३९७ मते बाजूने आणि २१९ विरोधात पडली. बहुमत स्पष्ट होते, पण घटनेतील बदलासाठी लागणारे दोन तृतीयांश मताधिक्य मिळाले नाही. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, स्त्रियांमुळे खेळाची गती मंदावेल आणि क्लबातील दुपारच्या जेवणाची जुनी रीत मोडेल. दोन-दोनच्या जोडीने एकच चेंडू आळीपाळीने मारत झपाट्याने फेरी संपवायची आणि मग कोट-टाय घालून सावकाश जेवायचे, ही तेथील सवय प्रसिद्ध आहे. विरोधाची कारणे अशी जेवणघरापाशी येऊन थांबतात, तेव्हा प्रश्न खेळाचा राहिलेला नसतो.

निकाल जाहीर झाला त्याच दिवशी ओपन स्पर्धा भरवणाऱ्या ‘आर अँड ए’ या संस्थेने सांगितले की, स्त्रियांना सभासद न करणाऱ्या मैदानावर यापुढे ओपन होणार नाही. म्युरफील्डवर तोवर सोळा वेळा ओपन झाली होती. २०१३ ची शेवटची स्पर्धा फिल मिकल्सनने जिंकली होती, आणि स्कॉटलंडचे तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर म्हणजे तेथील सरकारप्रमुख अलेक्स सॅमंड याच धोरणामुळे त्या स्पर्धेला गेले नव्हते. ‘आर अँड ए’च्या घोषणेनंतर वर्षही उलटले नाही तोच, मार्च २०१७ मध्ये, पुन्हा मतदान झाले आणि ४९८ विरुद्ध १२३ मतांनी दार उघडले. दहा महिन्यांत शेकडो सभासदांचे मन पालटले असे मानायचे की स्पर्धा हातची जाईल या भीतीने हात वर गेले असे मानायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दुसरे कारण अधिक पटते, आणि त्यात कमीपणा आहे असेही वाटत नाही, कारण पुष्कळ चांगले बदल भीतीपोटीच झालेले आहेत. पहिल्या बारा स्त्रिया २०१९ मध्ये सभासद झाल्या. २०२२ मध्ये याच मैदानावर महिलांची ब्रिटिश ओपन झाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या अॅशली बुहाई हिने ती बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळात (प्लेऑफमध्ये) चौथ्या होलवर जिंकली.

म्युरफील्ड एकटे नव्हते. सेंट अँड्रूज येथील १७५४ पासूनच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबाने स्त्रियांसाठी दार उघडले ते १८ सप्टेंबर २०१४ रोजी. योगायोग असा की, त्याच दिवशी स्कॉटलंड स्वतंत्र व्हावे की नाही यावर सार्वमत होते. देशाने ‘नाही’ म्हटले आणि क्लबाने ८५ टक्के मतांनी ‘हो’ म्हटले. जपानमध्ये टोकियो ऑलिंपिकचे गोल्फ ज्या कासुमिगासेकी क्लबावर व्हायचे होते, तेथे स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नव्हते आणि रविवारी खेळण्याची परवानगीही नव्हती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नापसंती दाखवल्यावर मार्च २०१७ मध्ये तो नियमही गेला. आयर्लंडमधील पोर्टमार्नॉक क्लब २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता, तरीही २०२१ मध्ये त्याने आपल्याच मतदानाने स्त्रियांना प्रवेश दिला. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते, कारण तेथे कायदा क्लबाच्या बाजूने होता.

प्रश्न : ‘गोल्फ’ या शब्दातील इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘फक्त सद्गृहस्थांसाठी, स्त्रियांना मनाई’ असा आहे, असे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील एका व्याख्यात्यांनी सांगितले. हे खरे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. आद्याक्षरे जुळवून मागाहून रचलेला हा विनोद आहे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ मध्ये धनुर्विद्येच्या सरावात अडथळा येतो म्हणून या खेळावर बंदी घातली, तेव्हाही हा शब्द वापरात होता. व्याख्याते पुन्हा भेटल्यास त्यांना एवढे सांगावे की, सेंट अँड्रूजमध्येच १८६७ पासून स्त्रियांचा स्वतंत्र पटिंग (हलक्या फटक्याने चेंडू खळीत घालणे) क्लब आहे आणि त्याच्या उंचसखल हिरवळीला तेथील लोक ‘हिमालय’ म्हणतात.

प्रश्न : मुलाला त्याच्या मित्राने मुंबईतील एका क्लबात गोल्फ खेळायला बोलावले. गोल गळ्याचा टी-शर्ट घातल्यामुळे त्याला दारातच थांबवण्यात आले आणि क्लबाच्या दुकानातून कॉलरचा शर्ट विकत घ्यावा लागला. कॉलर नसल्याने चेंडू वाकडा जातो काय?
— एक त्रस्त आई, चेंबूर

उत्तर : चेंडू वाकडा जायला कॉलरची गरज नसते, हे मी अनुभवावरून सांगू शकतो. गोल्फच्या अधिकृत नियमांत शर्टाच्या कॉलरविषयी एक अक्षरही नाही. तुमच्या मुलाला अडवले ते क्लबाच्या उपविधींनी. दोहोंत फरक करावा लागतो, कारण सूचनाफलकावर दोन्ही एकाच अक्षरांत, एकाच खिळ्याला लटकत असतात. धातूच्या खिळ्यांचे बूट घालू नयेत हा नियम ग्रीनवरील, म्हणजे खळीभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरील, गवतासाठी आहे. वाळूच्या बंकरमधून निघताना आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसावेत, चेंडू पडून झालेला खळगा बुजवावा, दुसरा मारत असताना बोलू नये, हे सर्व मागून येणाऱ्या खेळाडूसाठी आहे. कॉलर मात्र गवताचेही रक्षण करत नाही आणि मागच्या खेळाडूचेही नाही. आपल्यासारखाच माणूस आत आला आहे, एवढी खात्री ती सभासदांना देते.

म्हणूनच पोशाखाचे नियम हळूहळू आणि कुरकुरत बदलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या वेंटवर्थ मैदानावर टिरेल हॅटन याने हुडी घालून बीएमडब्ल्यू पीजीए ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या खेळाइतकीच चर्चा त्या टोपीवाल्या सदऱ्याची झाली, आणि काही क्लबांनी आपल्याकडे हुडी चालणार नाही असे मुद्दाम कळवले. अमेरिकेच्या पीजीए टूरने पुरुष खेळाडूंना सरावाच्या फेरीत अर्धी विजार घालण्याची परवानगी दिली ती २०१९ मध्ये, आणि तीही प्रत्यक्ष स्पर्धेच्या फेऱ्यांसाठी नव्हे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुंबईतील विलिंग्डन क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात स्थापन झाला, तो शहरातील गोऱ्यांच्या क्लबांत भारतीयांना प्रवेश नव्हता म्हणून. त्याच क्लबाने ऐंशीच्या दशकात चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आल्याबद्दल प्रवेश नाकारला. चेन्नईत २०१४ मध्ये क्रिकेट संघटनेच्या क्लबात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी (तमिळ धोतर) नेसल्याबद्दल अडवण्यात आले. त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने कायदा करून अशा अडवणुकीला शिक्षा आणि दंड ठेवला. जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात एका खासी महिलेला तिच्या पारंपरिक जैनसेम पोशाखामुळे भोजनगृहातून उठून जाण्यास सांगण्यात आले, आणि क्लबाला नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली. या तिन्ही ठिकाणी अडवणारे भारतीय होते आणि अडवलेलेही. विकत घेतलेला शर्ट मुलाने जपून ठेवावा. पुढल्या वेळी तो लागेलच.

प्रश्न : आमच्या क्लबात माझे पती सभासद आहेत आणि मी ‘सभासदाची पत्नी’ या नात्याने खेळते. माझा हँडिकॅप त्यांच्यापेक्षा चांगला आहे. तरीही शनिवार-रविवारी सकाळी दहापूर्वी मला खेळता येत नाही आणि सर्वसाधारण सभेत मतही नाही. हे बदलण्यासाठी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम या नियमाचा उगम पाहावा. पुरुष आठवडाभर कचेरीत असतात आणि स्त्रियांना आठवडाभर मोकळा वेळ असतो, अशा समजुतीतून शनिवारची सकाळ पुरुषांकडे गेली. ब्रिटनमधील मिश्र क्लबांत ही वाटणी जवळजवळ सार्वत्रिक होती आणि आपल्याकडे ती तेथूनच आली. ज्यांच्या आठवड्याच्या आधारावर हा नियम उभा राहिला त्या स्त्रिया आता स्वतः कचेरीत जातात, म्हणजे नियमाचे कारण संपले आहे आणि नियम तेवढा उरला आहे.

ब्रिटनसारखा खासगी क्लबांनाही लागू होणारा सर्वंकष समता कायदा भारतात नाही. त्यामुळे न्यायालयाआधी क्लबाची घटना उघडावी. आपल्या सभासदत्वाचा वर्ग कोणता, दहा वाजण्याची अट घटनेत आहे की केवळ कार्यकारिणीच्या ठरावात, हे आधी पाहावे. ठरावातील अट एका बैठकीत जाऊ शकते. घटनेतील अट बदलायला सर्वसाधारण सभा लागते, आणि तेथे आपल्याला मत नसल्यामुळे प्रस्ताव पतींना मांडावा लागेल. ते मांडतील की नाही याची चौकशी घरीच करावी.

मतदानाच्या दिवशी एक आक्षेप हमखास येतो, तो म्हणजे स्त्रिया सावकाश खेळतात. त्याला उत्तर म्हणून वेळेची अट घालावी, व्यक्तीची नव्हे, असे सुचवावे. सकाळच्या वेळेत जो गट ठरलेल्या वेळेत फेरी संपवणार नाही, त्याला पुढच्या आठवड्यात उशिराची वेळ मिळेल, मग त्या गटात कोणीही असो. २०१९ मध्ये गोल्फच्या नियमांतही चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीनवर आणली ती सर्वांसाठीच. शिवाय २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत प्रत्येक टीचे (होलचा पहिला फटका जेथून मारतात त्या जागेचे) मूल्यमापन होते, त्यामुळे वेगवेगळ्या टीवरून मारणारे स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत न्याय्य रीतीने खेळू शकतात. पुष्कळ ठिकाणी पुढच्या टीला ‘लेडीज टी’ म्हणणेही सोडून दिले आहे. ज्येष्ठ पुरुष तेथून मारू लागले, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण.

प्रश्न : माझे वडील पुण्यातील एका क्लबात तीस वर्षे कॅडी (खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारे मदतनीस) होते. आता माझ्या कंपनीतील वरिष्ठांनी मला पाहुणा म्हणून त्याच क्लबात खेळायला बोलावले आहे. वडिलांना आनंद झाला आहे, पण तेथे अवघडल्यासारखे होईल असेही ते म्हणतात. जावे की न जावे? आणि कसे वागावे?
— एक वाचक, येरवडा

उत्तर : अवश्य जावे. तुमच्या वडिलांची धास्ती मात्र निराधार नाही. स्त्रियांच्या सभासदत्वाची चर्चा वर्तमानपत्रांत झाली, परंतु कॅडी आणि सभासद यांच्यातील अंतरावर कोठे मतदान झालेले नाही. अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल येथे मास्टर्स स्पर्धेत १९८२ पर्यंत प्रत्येक खेळाडूला क्लबाचाच कॅडी घ्यावा लागे आणि ते सर्व कॅडी कृष्णवर्णीय असत. त्या मैदानाचा उतार-चढाव त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. पण पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ली एल्डर मास्टर्समध्ये उतरला तो १९७५ मध्ये, आणि पहिला कृष्णवर्णीय सभासद क्लबाने घेतला तो १९९० मध्ये. स्त्रियांना आणखी बावीस वर्षे थांबावे लागले.

आपल्याकडे भिंत वर्णाची नव्हती, पण भिंत होती. अनेक क्लबांत मैदान देखभालीसाठी बंद असते त्या दिवशी, बहुधा सोमवारी, कॅडींना खेळू देतात. त्या एका दिवसातून आणि उसन्या काठ्यांतून भारतीय व्यावसायिक गोल्फची एक पिढी उभी राहिली. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू होता, आणि १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली.

वागण्याविषयी विचारता, तर कॉलरचा शर्ट घालावा, साधी पूर्ण विजार आणि रबरी तळाचे बूट चालतील. नेमलेल्या वेळेपूर्वी अर्धा तास पोहोचावे. तुमच्यासोबत येणाऱ्या कॅडीला त्याचे नाव विचारावे आणि फेरीभर त्याच नावाने हाक मारावी. बिल यजमान सभासदच भरतो, त्यामुळे पाकीट काढण्याची घाई करू नये, मात्र कॅडीची बक्षिसी स्वतः द्यावी. बाकीचे शिष्टाचार मला विचारण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी वडिलांना विचारावेत. ग्रीनवर कोठे उभे राहावे आणि कोणाच्या रेषेवर पाय पडू देऊ नये, हे त्यांनी तीस वर्षे इतरांना सांभाळून घेत पाहिले आहे. शक्य असल्यास त्या मैदानावरील अवघड ग्रीनचा उतार कोणीकडे आहे, तेही त्यांच्याकडून कागदावर काढून घ्यावे.