डुकराच्या बरगड्या मऊच होत नाहीत, काय करावं?

प्रश्न : ताई, पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आमच्या घरी दरवर्षी मटन असते, औंदा यांनी तालुक्याच्या बाजारातून दीड किलो डुकराच्या बरगड्या आणल्या. मी मटनासारख्याच कुकरात घातल्या, मोठ्या गॅसवर पाच शिट्ट्या केल्या तर पार रबर, सासऱ्यांना चावताच येईना. मंग परत सात शिट्ट्या दिल्या तर मांस हाडावरून सुटून रश्श्यात गेलं अन् त्याचा चोथा झाला. आता भाऊबीज झाल्यावर पोरगा पुण्याहून येणार आहे, त्यानं तिकडे हॉटेलात गोडतिखट, चकाकणाऱ्या बरगड्या खाल्ल्या, त्याला तशाच पाहिजेत. ओव्हन नाही माझ्याकडे, गॅस आहे अन् अंगणात चूल आहे. जमेल का? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : जमेल ताई, नक्की जमेल, अन् ओव्हनची काही गरज नाही. तुमचं पत्र वाचून जीव हळहळला, सणाच्या दिवशी घरचे सगळे ताटावर बसलेले अन् मटन चावत नाही, हे जिनं रांधलं तिलाच कळते. पण तुमचा हात चुकला नाही, शिट्ट्यांच्या हिशोबानं घात केला.

असं बघा, बरगडीचं मांस म्हणजे जनावर दिवसभर श्वास घेते तेव्हा हलणारा भाग, त्यात नुसतं मांस नसते, हाडाला धरून चिवट पांढरे धागे असतात, त्याला कोलॅजन म्हणतात. हे कोलॅजन ६०-६५ डिग्रीच्या आसपास आधी आक्रसते अन् मांसातलं पाणी पिळून काढते, म्हणून अर्धवट शिजलेली बरगडी कच्चीपेक्षाही चिवट लागते. पुढे ७० डिग्रीच्या वर ते हळूहळू विरघळायला लागते अन् त्याचं जिलेटीन होते, तेच ते ओठाला चिकटणारं, खुराच्या रश्श्यात असते तसं. मांस आतून ९०-९५ डिग्रीवर बराच वेळ राहिलं की काम फत्ते. तुम्ही पाच शिट्ट्यांवर उघडलं तेव्हा बरगडी नेमकी आक्रसलेल्या टप्प्यात होती, अन् नंतरच्या सात शिट्ट्या मोठ्या आचेवर दिल्या तर धागे विरघळले खरे पण खळखळ उकळून मांसाच्या काड्या कोरड्या पडल्या.

म्हणून शिट्ट्या मोजणं सोडा, मिनिटं मोजा. प्रत्येकीच्या कुकरची शिट्टी वेगळी, जुन्या कुकरची तर दोन मिनिटांत तीन वेळा होते.

आता आणण्यापासून सांगते. खाटकाला म्हणा, सत्तूरनं बारीक तुकडे करू नको, पट्टी अख्खी दे. बारीक तोडलं की हाडाचा चुरा मांसात जाते अन् लहान तुकडा लवकर कोरडा पडते. घरी आणून पट्टीची पोटाकडची बाजू पहा, तिथं चकचकीत पांढरा पापुद्रा असते. तो कितीही शिजवा, विरघळत नाही, चामड्यासारखा राहते अन् मीठ-मसाला आत जाऊ देत नाही. एका टोकाला हाडाच्या वर चमच्याचा दांडा सरकवा, पापुद्रा सुटला की कोरड्या फडक्यानं धरून ओढा, नुसत्या हातानं निसटते. एकदा जमलं की अख्खा निघते. मग दोन हाडांच्या मधून सुरी घालून तुकडे करा.

दीड किलोला अडीच छोटे चमचे मीठ, हळद (आमच्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची मिळाली तर सोनं), आलं-लसूण चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीज नसेल तर तासभर पुरे, उन्हाळ्यात तर त्याहून जास्त बाहेर ठेवूच नका.

कुकरमध्ये करायचं तर एकच ग्लास पाणी घाला, बरगडीलाही आपलं पाणी सुटते. तेल तर घालूच नका, डुकराची चरबीच इतकी सुटते की तर्री आपोआप येते. मोठ्या गॅसवर एक शिट्टी झाली की गॅस एकदम बारीक करा अन् तिथून २५ मिनिटं. कुकरात १२० डिग्रीपर्यंत जाते, म्हणून तासांचं काम मिनिटांत होते. बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढू नका, हे फार महत्त्वाचं आहे, दाब एकदम गेला की मांसातलं पाणी आतच उकळून बाहेर पडते. आपोआप थंड होऊ द्या. मग एक हाड धरून पिळून पहा, जरासं फिरलं अन् टोकाला मांस बोटभर मागं सरकलं असेल तर झालं. नाही फिरलं तर घाबरू नका, अजून सात-आठ मिनिटं द्या. गावठी, वयानं मोठ्या डुकराला जास्त वेळ लागतो, फार्मवरच्या पांढऱ्या यॉर्कशायर जातीला कमी.

पण मला विचाराल तर चुलीवरच करा. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) चहा कर, मटन करू नको. खरंच आहे, पऱ्हाट्या-तुराट्या भडकन पेटतात अन् भसकन विझतात, गंज (पातेलं) एकदा खळखळते एकदा थंड पडते. बाभळीचं लाकूड आधी जळू द्या, निखारे पडले की जाळ ओढून घ्या अन् गंज त्या निखाऱ्यांवर ठेवा, बाजूला एखादी गोवरी धुमसत राहू द्या. बरगड्या जेमतेम बुडतील इतकं पाणी, वर ताट झाकून ताटात पाणी ओता, तेच गरम पाणी लागेल तसं आत घालायचं, थंड पाणी कधीच नाही. रश्श्याला मधूनमधून एखादा बुडबुडा आला पाहिजे, उकळी नको. दोन ते अडीच तास लागतात. पाऊण तासानं चाखून पाहाल तर वाटेल बिघडलं, तेव्हा बरगडी सगळ्यात चिवट असते, तिथंच बाया हिंमत सोडून जाळ वाढवतात, तिथं थांबा, अजून सव्वा तास द्या, सासरेबुवा हिरड्यांनी खातील.

पोराच्या गोडतिखटाचं : शिजलेल्या बरगड्या अलगद बाहेर काढून ताटात सुकू द्या. उरलेल्या रश्श्यातला वाटीभर घ्या, त्यात दोन मोठे चमचे गूळ, चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण अन् भिवापुरी मिरचीचं तिखट घालून चमच्याला धरेल इतकं आटवा. जिलेटीन असल्यामुळे आटवण स्वतःच चकाकते, हॉटेलातली चमक बरीचशी तीच. ते बरगड्यांना फासून निखाऱ्यावर जाळी ठेवून नाहीतर जाड तव्यावर एकेका बाजूनं तीन मिनिटं. गूळ आधी घालू नका, दोन तास आचेवर राहिला तर जळून कडू होते. बाकीच्या रश्श्यात भाजलेला कांदा, खोबरं, खसखस, जरासं जवस वाटून घाला, वरून सांबार (कोथिंबीर), अन् ज्वारीची भाकर. पोरगा चकाकती खाईल, बाकीचे रस्सा ओरपतील.

प्रश्न : कच्ची पपई लावली तर लवकर मऊ होते म्हणतात, रात्रभर लावून ठेवू का? (एक वाचक, आर्वी)

उत्तर : रात्रभर नको भाऊ. पपईच्या चिकात पपेन असते, ते मांस तोडते खरं पण वरवरचंच, आत शिरत नाही. रात्रभर ठेवलं की वरचा थर पिठासारखा होते अन् आतलं चिवटच राहते. किलोला एक चमचा कीस, अर्धा तास, बस. बरगडीला तर मी लावतच नाही, तिला वेळच लागतो.

प्रश्न : आमच्या वावरात रानडुकरं फार आहेत, पराटी-तूर सगळं उकरतात. त्याच्या बरगड्या अशाच शिजतील का? (एक वाचक, भिवापूर तालुका)

उत्तर : तुमचं नुकसान मी समजू शकते, पण शिजवायचं सांगणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे अन् त्याचं मांस घरात सापडलं तरी अडकाल. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनविभागाकडे करा, भरपाई मिळते.

प्रश्न : डुकराच्या मटनात किडे असतात, स्वाइन फ्लू होते, असं सासूबाई म्हणतात. पोरांना द्यावं का? (एक वाचक, मूर्तिजापूर)

उत्तर : सासूबाईंची भीती उगाच नाही, ऐका. उघड्यावरची घाण खाणाऱ्या डुकराच्या मांसात टेपवर्म नावाच्या किड्याच्या पुटकुळ्या असू शकतात, ज्वारीच्या नाहीतर तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढरट. अशी पट्टी दिसली की परत करा, कितीही स्वस्त असो. बंद जागेत, खाद्यावर वाढवलेलं डुक्कर ज्याच्याकडे मिळते त्याच्याकडूनच घ्या. वर सांगितली तशी कुकरात नाहीतर चुलीवर पूर्ण शिजलेली बरगडी असेल तर त्यात किडा जिवंत राहत नाही, धोका अर्धकच्च्याचा आहे. मिरगीसारखे झटके आणणारा मेंदूतला आजार मात्र बहुतेक वेळा मटनातून येत नाही, टेपवर्म झालेल्या माणसाच्या शौचातली अंडी हातावरून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली की तो होतो, म्हणून हात साबणानं धुणं अन् गाजर-मुळा धुऊन खाणं हे मटन न खाणाऱ्या घरातही तितकंच गरजेचं. स्वाइन फ्लू शिजलेलं मटन खाऊन होत नाही. कच्च्या मटनाची सुरी अन् पाट वेगळा ठेवा, त्यावर कांदा-सांबार चिरू नका. इतकं पाळलं तर पोरांना खुशाल द्या, फक्त लहानाला हाडावरून सोडवून, चुरा नाही ना ते बोटानं चाचपून.