मेश लावला तरी मागच्या खोलीत अडकतंय? आधी घरात राउटर कोण ते ठरवा

तुम्ही लिहिलंय की तीन नोडचा मेश (घरभर वायफाय पसरवणारा डब्यांचा संच, त्यातला एकेक डबा म्हणजे नोड) आणून इंटरनेट कंपनीच्या राउटरला जोडला, ॲपमध्ये सगळं हिरवं दिसतंय, तरी मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो आणि लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी. प्रिंटरची आधी घेतो, ती लवकर सुटेल.

कंपनीने दिलेला डबा हा सहसा नुसता मोडेम (बाहेरची लाइन घरात आणणारा) नसतो, तो राउटरही (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटून इंटरनेटशी जोडणारा) असतो. मेशचा मुख्य नोडही पेटीतून काढल्यावर राउटर म्हणूनच कामाला लागतो. म्हणजे घरात आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा नंबर) वाटणारे दोघे झाले. खात्री करायची तर प्रिंटरच्या आणि लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी बघा. एकाचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि दुसऱ्याचा १९२.१६८.६८ किंवा १० ने, तर प्रिंटर अजून जुन्या वायफायवर आहे आणि लॅपटॉप मेशवर. प्रिंटर शोधताना लॅपटॉप आपल्या नेटवर्कवर हाक मारतो, ती हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून घोळ लक्षात येत नाही. ऑनलाइन गेम किंवा बाहेरून कॅमेरा बघणं यातही याच दुहेरी राउटरमुळे अडचण येते.

उपाय दोन. पहिला, मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका: पत्ते जुना राउटर वाटेल, मेश फक्त वायफाय पुरवेल. दुसरा, कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता मोडेम राहील, आणि मेशला राउटर करा. मी तुम्हाला पहिला सुचवेन. डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर ब्रिज केल्यावर ते बंद पडू शकतं, शिवाय बऱ्याच जोडण्यांना युजरनेम-पासवर्ड किंवा व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनवरचा ओळख क्रमांक) लागतो, तो आधी कंपनीकडून घ्यावा लागतो. पहिल्या उपायात तोटा इतकाच की मुलांच्या वेळा ठरवणं वगैरे मेशच्या ॲपमधल्या सोयी बहुतेक बंद होतात. एक अपवाद मात्र आहे. गूगलच्या मेशमध्ये एकाहून जास्त नोड असतील तर मुख्य नोडला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (त्यांच्या भाषेत ब्रिज) टाकता येत नाही. तिथे वरचा दुसरा उपाय धरावा लागतो. आणि शब्दाने फसू नका: काही ॲप ॲक्सेस पॉइंट मोडलाच ‘ब्रिज मोड’ म्हणतात.

हे झालं की जुन्या राउटरचं वायफाय बंद करा. हा टप्पा बरेच जण विसरतात आणि मग फोन जुन्यालाच चिकटून बसतो. मेशला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकारही तोच दिलात तर प्रिंटर, टीव्ही, बल्ब सहसा आपोआप जोडले जातात.

आता मागची खोली. माझा अंदाज आहे की तिसरा नोड तुम्ही नेमका त्या खोलीतच ठेवलाय, जिथे रेंज नाही. असं वाटणं साहजिक आहे, पण नोड स्वतः इंटरनेट तयार करत नाही. त्याला आधीच्या नोडकडून जे मिळतं तेच तो पुढे देतो. रेंज नसलेल्या जागी ठेवला तर फोनवर काड्या पूर्ण दिसतात, कारण फोन नोडच्या शेजारी आहे. नोडच्या पाठीमागचा दुवा मात्र मरतुकडा असतो. तो निम्म्या वाटेवर आणा, जिथे आधीच्या नोडची रेंज अजून चांगली आहे. जागा ठरवायला आधी फोन मुख्य नोडच्या वायफायवर ठेवून तिथे उभं राहून स्पीड तपासा. फ्रिज, लोखंडी कपाट, मोठा आरसा यांच्या मागे नोड नको. त्याला मोकळं आणि जमिनीपासून थोडं उंच ठेवा.

तुमचा मेश दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोनच लहरींवर चालणारा) असेल तर नोड ज्या रेडिओवर मुख्य नोडशी बोलतो त्यावरच फोनशीही बोलतो, म्हणून दर टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. तिसरा नोड दुसऱ्याच्या मार्फत जोडलेला असेल तर ही घट दोनदा होते. ॲपमध्ये कोणता नोड कोणाला जोडलाय ते दिसतं, तेवढं बघाच.

केबल टाकणं शक्य असेल तर मात्र बाकीची कसरत सोडा आणि केबल टाका. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते. नोड आधी वायरलेसने ॲपमध्ये जोडून घ्या आणि मगच केबल लावा. माझ्याकडे केबल टाकल्यावरही मागे स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. दोन दिवस मी सेटिंग उलटीपालटी करत होतो. शेवटी टोकाचा प्लग उजेडात धरला तर आठांपैकी तपकिरी तार आतपर्यंत पोचलीच नव्हती. गिगाबिटला आठही तारा लागतात. एखादी सुटली तर जोडणी बरेचदा १०० वर उतरते आणि चाचणीत ९४-९५ दिसतात. नवा प्लग मारला आणि वेग पूर्ण आला. तुम्हालाही ९० ते ९५ वर अडकलेला आकडा दिसला तर आधी प्लग बघा.

खोल्या बदलताना फोन लगेच जवळच्या नोडवर गेला नाही तर घाबरू नका. कधी उडी मारायची ते शेवटी फोन ठरवतो, नोड फक्त सुचवतो. ॲपमध्ये फास्ट रोमिंग (फोनला एका नोडवरून दुसऱ्यावर पटकन जाऊ देणारी सोय) असेल तर चालू करून बघा. एखादं जुनं यंत्र त्याने तुटायला लागलं तर परत बंद करा.

मेशचं मॉडेल, दोन्ही यंत्रांचे आयपी आणि प्रत्येक नोडशेजारी मिळालेला स्पीड लिहा, म्हणजे तिसरा नोड नेमका कुठे हलवायचा ते सांगता येईल.