वाचकांचे प्रश्न : मालिका, टीआरपी आणि पुरस्कार सोहळे

प्रश्न : आमच्या आवडीची मालिका आधी रात्री आठला लागायची. मग ती दुपारी नेली आणि काही दिवसांत बंदच केली. आमच्या गल्लीत तर घरोघरी ती पाहत होते. मग टीआरपी पडला म्हणतात, तो नेमका कुणाचा? (एक वाचक, केज, जि. बीड)

उत्तर : तुमच्या गल्लीत एकाही घरी मीटर नसेल, तर सगळी गल्ली रोज मालिका पाहत असली तरी तिची नोंद होत नाही. ही मोजणी बार्क ही संस्था करते. देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत तिचे मीटर आहेत आणि ती घरे कोणती, हे गुप्त ठेवले जाते. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण ओळखून कोणती वाहिनी किती वाजता चालू होती हे टिपते. घरातल्या प्रत्येक माणसासाठी रिमोटवर वेगळे बटण असते. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचे आणि उठून जाताना पुन्हा दाबायचे. आजी बटण न दाबता बसल्या, तर त्या दिवशी त्यांचे पाहणे हिशेबात येत नाही.

दुसरी गोष्ट मिनिटांची. अर्ध्या तासाची मालिका एकाने पूर्ण पाहिली आणि दुसऱ्याने सहाच मिनिटे पाहिली, तर दोघे मिळून १.२ प्रेक्षक धरले जातात. जाहिरात लागली की वाहिनी बदलायची आणि परत यायला विसरायचे, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. मालिकेचा आकडा तिथेच घसरतो. केबल नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, त्यातली दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींची. म्हणजे अर्ध्या तासात सहा मिनिटे गेली. शीर्षकगीत आणि ‘मागील भागात’ वजा केले की कथा वीस-बावीस मिनिटांचीच उरते. मोबाईलवरच्या ॲपवर पाहिलेले भाग तर या मीटरपर्यंत पोचतच नाहीत. घरातली तरुण मुले मालिका फोनवर पाहत असतील, तर त्यांचा आकडा वाहिनीला ॲपवरून कळतो, पण टीआरपीत दिसत नाही.

आकड्यांचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि ते पुढच्या गुरुवारी येतात. सलग काही गुरुवार आकडा खाली राहिला की आधी वेळ बदलते. पुढची लक्षणे प्रेक्षकालाही ओळखता येतात : नव्या मालिकेच्या जाहिरातीत तुमच्याच मालिकेची वेळ दिसते, कथा एकदम काही वर्षे पुढे उडी मारते, वर्षभर लपवलेले गुपित चार भागांत फुटते.

टीव्ही कोणत्या वाहिनीवर आणि कुणासमोर चालू होता, एवढेच टीआरपी सांगतो. मालिका मनाला भिडली की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून ‘टीआरपी पडला म्हणजे मालिका वाईट होती’ असे कुणी म्हणाले, तर मुळीच मान्य करू नका.

प्रश्न : पुरस्कार सोहळ्याचे विजेते आम्हाला दोन आठवडे आधीच मोबाईलवर कळतात. मग टीव्हीवर भाषणे अर्धवट आणि नाचगाणी पूर्ण दाखवतात. शिवाय दरवर्षी त्याच दोन-तीन मालिका जिंकतात. हे ठरवून होते का? (एक वाचक, परतूर, जि. जालना)

उत्तर : आधी हे पाहा की सोहळा कुणाचा आहे. झी मराठी किंवा स्टार प्रवाह आपल्या मालिकांसाठी जे सोहळे करतात, त्यांत नामांकने त्याच वाहिनीच्या मालिकांना असतात. एका वेळी वाहिनीवर दहा-पंधरा मालिका चालू असतात, विभाग मात्र खूप. तेव्हा जास्त पाहिल्या जाणाऱ्या दोन-तीन मालिकांकडे बाहुल्या जाणे साहजिकच आहे. तो त्या वाहिनीचा घरचा समारंभ म्हणून आनंदाने पाहावा. वर्षातली सर्वोत्तम मराठी मालिका कोणती, याचा निवाडा तिथे शोधू नये.

‘लोकप्रिय’ विभाग आणि परीक्षकांचे विभाग यांतही फरक असतो. लोकप्रिय विभागात मतांची संख्या चालते आणि ज्या कलाकाराचे चाहते संघटित, त्याला जास्त मते पडतात. परीक्षकांच्या विभागात अभिनय, पटकथा, दिग्दर्शन असे निकष लावलेले असतात. पडद्यावर विभागाचे नाव येते तेव्हा ते नीट वाचा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

आता भाषणांचे. बहुतेक भारतीय सोहळे आधी चित्रित होतात आणि नंतर संकलित करून दाखवले जातात. पाच-सहा तासांची संध्याकाळ जाहिरातींसह तीन-साडेतीन तासांत बसवायची असते. नृत्यांवर खर्च झालेला असतो, ती प्रायोजकांना दाखवायची असतात. म्हणून कात्री भाषणांवर चालते आणि संवादलेखक, संकलक, ध्वनिमुद्रक यांच्या पुरस्कारांवर सगळ्यांत आधी. आम्हाला हे मनापासून खटकते. ज्या माणसाने वर्षभर रोज एका भागाचे संवाद लिहिले, त्याला पडद्यावर दहा सेकंदही मिळू नयेत?

संकलनाच्या खुणा दिसतातच. विनोद मंचावर होतो आणि हसणाऱ्या कलाकाराच्या शेजारची खुर्ची रिकामी असते, मघाशी मात्र तिथे कुणीतरी बसलेले असते. असा प्रतिसाद दुसऱ्याच क्षणी टिपलेला असतो. म्हणून अमुक अभिनेत्याने तमुकीच्या विजयावर तोंड वाकडे केले, असा निष्कर्ष अशा चित्रणावरून काढू नका.

प्रश्न : ऑस्कर आणि एमी थेट पाहायचे असतील तर पहाटे किती वाजता उठावे? भारताच्या मालिकेला एमी मिळाला होता ना? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : ऑस्कर सोहळा अमेरिकेत रविवारी संध्याकाळी होतो, त्या वेळी आपल्याकडे सोमवारची पहाट असते. अलीकडे तो तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सातला सुरू होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. सोहळा त्याआधी असला तर आपल्याकडे साडेपाच, त्या दिवशी किंवा नंतर असला तर साडेचार. २०२५ चा सोहळा २ मार्चला होता म्हणून तो आपल्याकडे ३ मार्चला साडेपाचला लागला. २०२४ चा १० मार्चला, म्हणजे घड्याळे बदलली त्याच दिवशी होता, म्हणून साडेचारला. सप्टेंबरमधला एमी, म्हणजे तिकडच्या टीव्ही कार्यक्रमांच्या पुरस्कारांचा सोहळा, तिकडे आठला असतो, म्हणजे आपल्याकडे साडेपाच.

२०२५ चे ऑस्कर जिओहॉटस्टारवर थेट दिसले. सोहळा साडेतीन तासांच्या पुढे जातो. मोबाईल डेटावर पाहणार असाल तर चित्राचा दर्जा ४८० वर ठेवा. तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी लागेल, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तो पुरा बसणार नाही.

‘दिल्ली क्राइम’ला २०२० मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा मिळाला तो आंतरराष्ट्रीय एमी. तो वेगळी संस्था देते, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला, आणि तो अमेरिकेबाहेरच्या कार्यक्रमांसाठी असतो. सप्टेंबरचा प्राइमटाइम एमी अमेरिकेतल्या कार्यक्रमांचा.

भाषणांना तिकडेही वेळेचे बंधन आहे, ऑस्करमध्ये ४५ सेकंदांचे. २०२५ च्या एमीत निवेदक नेट बर्गेट्सी यांनी मुलांच्या एका संस्थेला एक लाख डॉलर द्यायचे जाहीर केले आणि भाषण ४५ सेकंदांपुढे गेले की प्रत्येक सेकंदाला हजार डॉलर कापायचे ठरवले. शेवटी संस्थेला भरघोस देणगी मिळाली, पण विजेत्यांची भाषणे त्या आकड्याकडे बघत झाली. हा प्रयोग आम्हाला आवडला नाही.

प्रश्न : पाऊस आला की ऐन मालिकेच्या वेळी चित्राचे चौकोन होतात. पाऊस थांबला तरी कधी कधी तसेच राहते. (एक वाचक, उदगीर)

उत्तर : धो धो पावसात काही मिनिटे चित्र जाणे टळत नाही. डिशच्या लहरी दाट पावसात शोषल्या जातात. पण पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी चित्र येत नसेल, तर दोष छतावर आहे. वायर जिथे एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या डबीला जोडली आहे, तो जोड आधी उघडून पाहा, अर्थात सेट टॉप बॉक्स बंद करून. आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर पाणी शिरले आहे. वायर चार-सहा इंच कापून नवा जोड बसवा, वर रबरी टोपी घाला आणि वायरीला जोडाखाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून खाली ठिबकेल.

वळवाच्या वाऱ्याने छत्री हललेली असू शकते. दोन अंशांचा फरकही पुरेसा असतो. नटबोल्ट थोडे सैल करून छत्री अगदी हळू हलवा आणि खालच्या माणसाने मेनूमधला ‘क्वालिटी’चा आकडा सांगत राहावे. ‘स्ट्रेंग्थ’ चांगली असूनही क्वालिटी शून्य असेल, तर छत्री चुकीच्या दिशेला आहे.

प्रश्न : एका मालिकेत आमच्याकडची बोली म्हणून भलतीच भाषा बोलतात आणि गावाकडचा माणूस कायम बावळट दाखवतात. तक्रार कुठे करायची? (एक वाचक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : बोली चुकणे हा नियमभंग नाही, त्यावर वाहिनीला मत कळवावे. पण ते नेमके हवे. ‘मराठवाड्याची भाषा चुकीची’ एवढ्याने लेखकाला काही हाती लागत नाही, कारण उदगीरची बोली वेगळी आणि जालन्याची वेगळी. मालिकेतले गाव कोणते, भागाची तारीख, साधारण मिनिट, पात्राचे वाक्य आणि त्याजागी तुमच्याकडे काय म्हणतात, हे पाच-सहा ओळींत लिहा.

एखाद्या समाजाची किंवा प्रदेशातल्या लोकांची हेटाळणी असेल, तर मात्र तक्रार करा. २०२१ पासूनच्या नियमांनुसार आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे अपील करता येते. मंडळाला ६० दिवस असतात आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे जाता येते. पत्ता पडद्याखालच्या धावत्या पट्टीत अधूनमधून येतो, त्याचा फोटो काढून ठेवा. आपल्या भागातून अशी पत्रे जायलाच हवीत.

प्रश्न : फ्री डिशवर नव्या मराठी मालिका दिसतील का? (एक वाचक, भूम, जि. धाराशिव)

उत्तर : सह्याद्री दिसेल. झी मराठी, स्टार प्रवाह या सशुल्क वाहिन्या आहेत, त्यासाठी केबल किंवा खासगी डिश लागेल. बाकीच्या मराठी वाहिन्या फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावाप्रमाणे येतात-जातात, म्हणून अधूनमधून पुन्हा ट्यूनिंग करा. छत्री स्वतः लावणार असाल तर उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. आपल्याकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असतो.